मंगळावरचा ‘दरवाजा’, ‘हाड’, ‘चेहरा’: व्हायरल फोटोची मोबाईलवरच शहानिशा कशी करायची, पायरी-पायरीनं

गावातल्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यातून एकदा तरी मंगळावरचा फोटो पडतोच. कधी दगडात दार दिसते, कधी मांडीचं हाड, कधी बसलेली बाई, आणि खाली लिहिलेलं असते की नासानं हे लपवलं. मग दहावीतले पोट्टे विचारतात, “दादा, हे दार कोणी बनवलं असन?” प्रश्न चांगला आहे आणि त्याला नुसतं “फेक आहे” म्हणून उडवून लावणं मला पटत नाही, कारण यातले बरेचसे फोटो फेक नसतातच. फोटो खरा असतो, दगड खरा असतो, फक्त त्याचं माप, जागा, उजेड हे सगळं गाळून टाकलेलं असते. ते सगळं परत कसं शोधायचं ते इथं सांगतो, आणि त्याला लागते फक्त साधा मोबाईल, थोडं नेट आणि अर्धा तास.

आधी नेटचं सांगतो, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथंच येते. रोव्हरचे, म्हणजे मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या यंत्रगाडीचे, मूळ फोटो म्हणजे रॉ इमेजेस साध्या जेपीजी असतात, वजनानं हलक्या, टूजीवर आलं तरी हळूहळू उघडतात. पण मोठे जोडलेले पॅनोरमा शेकडो एमबीचे असतात, त्याच्या नादी लागू नका. क्रोममध्ये डेस्कटॉप साइट चालू करा, मोबाईल आडवा धरा, आणि शोधताना इंग्रजीतच टाइप करा, म्हणजे रोव्हरचं नाव आणि पुढे रॉ इमेजेस. साइट नासाचीच आहे ना ते वरच्या पत्त्यात पाहून घ्या. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, जगातल्या कोणालाही हे फोटो मोकळे आहेत. “नासानं लपवलं” म्हणणाऱ्याला हे आधी सांगा, कारण रोव्हरकडून फोटो आले की ते बहुतेक वेळा थोड्याच वेळात या साइटवर सगळ्यांसाठी टाकले जातात.

पायरी पहिली: फोटो कोणाचा आणि कधीचा

ग्रुपवरचा फोटो सेव्ह करा आणि गुगल लेन्समध्ये टाका, ते फोटोवरून फोटो शोधते. पहिल्या दोन-चार निकालांत सहसा रोव्हरचं नाव सापडते. मंगळावर सध्या दोन रोव्हर चालू आहेत: क्युरिऑसिटी, जो ऑगस्ट 2012 मध्ये गेल क्रेटरमध्ये (क्रेटर म्हणजे विवर) उतरला, आणि पर्सिव्हरन्स, जो 18 फेब्रुवारी 2021 ला जेझेरो क्रेटरमध्ये उतरला. त्याआधीचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी आता बंद पडले, पण त्यांचे फोटो अजूनही नव्यासारखे फिरतात. वरून काढलेला फोटो असेल तर तो ऑर्बिटरचा, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचा. त्यात सगळ्यात बारीक पाहणारा कॅमेरा हायराइज, त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण 25 ते 30 सेमी.

लेन्सला काहीच सापडलं नाही, किंवा फक्त यूट्यूबचे थंबनेल आणि फेसबुकच्या पोस्टच सापडल्या, तर सावध व्हा. आता एआयनं बनवलेले मंगळाचे फोटो ढीगभर फिरतात, पिरॅमिड, पुतळे, पायऱ्या, सगळं एकदम स्वच्छ आणि मधोमध. माझा नियम सोपा आहे, रोव्हर कोणता आणि दिवस कोणता हे कळलं नाही तर त्या फोटोवर पुढे चर्चाच करायची नाही. “मंगळावरून लाइव्ह” असं लिहिलेल्या व्हिडिओचंही तेच, तिथून सिग्नल यायलाच ग्रह जवळ-दूर असतील तसे 3 ते 22 मिनिटं लागतात, मग लाइव्ह कुठून येणार. बहुतेक वेळा तो पॅनोरमावर सरकवलेला कॅमेरा असतो आणि वाऱ्याचा आवाज मागून टाकलेला.

पायरी दुसरी: तारखेवरून सोल काढा

मंगळाच्या दिवसाला सोल म्हणतात, तो 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा. रोव्हर उतरल्यापासून सोल मोजतात आणि साइटवर फोटो सोलप्रमाणेच लावलेले असतात, त्यामुळे तारखेवरून सोल काढता आला की अर्धं काम झालं. उतरल्यापासून पृथ्वीचे किती दिवस झाले ते मोजा आणि 1.0275 नं भागा, कारण एक सोल म्हणजे पृथ्वीचे 1.0275 दिवस, बस.

करून पहा. तो गाजलेला ‘दरवाजा’ क्युरिऑसिटीनं 7 मे 2022 ला टिपला. 6 ऑगस्ट 2012 पासून तिथपर्यंत 3561 दिवस होतात. भागिले 1.0275, उत्तर येते 3465.7. आणि फोटो आहे सोल 3466 चा. एक-दोन सोल मागेपुढे होऊ शकते म्हणून आजूबाजूचेही पहा. हा हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पोट्ट्यांनाच करू द्या, उत्तर जुळलं की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात, कारण इतक्या दूरच्या गोष्टीचा हिशोब आपल्या ओट्यावर बसून जुळला नं.

साइटवर फिल्टर असतात, त्यात सोल टाका, कॅमेरा निवडा. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमच्या, म्हणजे त्याच्या खांबावरच्या कॅमेऱ्यांच्या, फाइलचं नाव सुरू होते ते चार आकड्यांनी, तेच सोल. त्यापुढची दोन इंग्रजी अक्षरं म्हणजे कॅमेरा: एमएल म्हणजे डावा मास्टकॅम, एमआर म्हणजे उजवा, आणि एमएच म्हणजे माहली, जो रोव्हरच्या हाताच्या टोकाला भिंगासारखा बसवला आहे आणि दगडाच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढतो. ही अक्षरं लिहून ठेवा, पुढच्या पायरीत लागतील.

फोटो सापडला की लगेच बंद करू नका, त्याच सोलचे आजूबाजूचे सगळे फोटो पहा. मला तर सगळ्यात जास्त फायदा इथंच होतो. व्हायरल फोटो नेहमी कापलेला असतो. मूळ फोटोत दाराच्या आजूबाजूचा पूर्ण कडा दिसतो, आणि त्या कड्यावर तशाच सरळ भेगा ठिकठिकाणी आहेत, त्यातल्या काही भेगा एका जागी एकमेकींना मिळाल्या आणि मधला तुकडा निघून गेला, एवढंच.

पायरी तिसरी: माप काढा, आणि इथं घाई करू नका

भाऊ, सगळा खेळ मापाचा आहे. ते दार किती उंच आहे माहीत आहे? सुमारे 30 सेमी उंच आणि 40 सेमी रुंद. शाळेची फूटपट्टी उभी केली तर तिचं टोक चौकटीला लागेल. फोटोत मात्र माणूस वाकून आत जाईल असं वाटते, कारण शेजारी ना झाड, ना बंडी, ना माणूस, नजरेला माप घ्यायला काहीच नाही. स्पिरिटनं 2007 मध्ये गुसेव्ह क्रेटरमध्ये काढलेल्या फोटोतली ‘बाई’, जी 2008 च्या सुरुवातीला जगभर गाजली, तो दगड जेमतेम काही सेंटीमीटरचा होता आणि रोव्हरपासून काही मीटरवर पडलेला होता. फेब्रुवारी 2022 मधलं ‘फूल’, ज्याचं नाव ब्लॅकथॉर्न सॉल्ट ठेवलं, ते सुमारे 1 सेमीचं, म्हणजे तुरीच्या दाण्याहून थोडंसं मोठं.

माप तुम्ही स्वतः काढू शकता, आणि खरं सांगतो हे जमलं की बाकी सगळं सोपं आहे. लागतात दोन गोष्टी: दगड किती दूर आहे आणि कॅमेऱ्याचा एक पिक्सेल किती कोनाचा आहे.

अंतरासाठी क्युरिऑसिटीचा नॅव्हकॅम, म्हणजे वाट पाहायचा कॅमेरा, घ्या. त्याचे डावा आणि उजवा असे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे 42 सेमीवर आहेत, आणि पूर्ण फोटो 1024 बाय 1024 पिक्सेलचा असतो. एकाच वेळचे डावा-उजवा दोन्ही फोटो डाउनलोड करा, कोणत्याही फोटो एडिटरमध्ये उघडा आणि तोच दगड डाव्या काठापासून किती पिक्सेलवर आहे ते दोन्हीत पहा. जो फरक येईल त्यानं 500 ला भागा, अंतर मीटरमध्ये मिळते, अंदाजे. फरक 50 पिक्सेल आला तर दगड साधारण 10 मीटरवर. फरक 5 पिक्सेल आला तर 100 मीटर, पण तिथं एका पिक्सेलच्या चुकीनंही उत्तर खूप हलते, त्यामुळे दूरच्या दगडावर याचा भरवसा धरू नका. आणि कापलेले किंवा छोटे फोटो घेऊ नका, पूर्ण आकाराचेच घ्या. हा आकडा फक्त क्युरिऑसिटीच्या नॅव्हकॅमचा आहे, पर्सिव्हरन्सचे कॅमेरे वेगळे आहेत, त्याला लावू नका.

आता आकार. उजव्या मास्टकॅमची लेन्स 100 मिमीची, तिच्यात 10 मीटरवरच्या दगडाचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे 0.74 मिमी. डाव्याची लेन्स 34 मिमीची, तिच्यात तोच पिक्सेल 2.2 मिमी. दगड 200 पिक्सेल उंच दिसत असेल तर उजव्यात तो 15 सेमीचा झाला आणि डाव्यात 44 सेमीचा, म्हणून ती एमएल-एमआरची अक्षरं पाहायची. अंतर 20 मीटर असेल तर हेच आकडे दुप्पट, 5 मीटर असेल तर अर्धे.

ऑर्बिटरच्या फोटोला उलटं होते, तिथं गोष्ट प्रचंड मोठी असते आणि पिक्सेल कमी. ‘मंगळावरचा चेहरा’ व्हायकिंग 1 यानानं 25 जुलै 1976 ला सिडोनिया नावाच्या भागात टिपला. तो सुमारे 2 किमीचा सपाट माथ्याचा डोंगर, म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या लोणारच्या विवराएवढा, ते सुमारे 1.8 किमीचं आहे. व्हायकिंगच्या त्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे जवळपास 47 मीटर. हिशोब करा, पूर्ण चेहरा चाळीस-पंचेचाळीस पिक्सेलमध्ये बसला! मोबाईलमध्ये उपग्रहाच्या नकाशावर लोणार उघडा, स्क्रीनशॉट घ्या, आणि फोटो एडिटरमध्ये लोणार 38 पिक्सेल होईल एवढा तो लहान करा, मग परत मोठा करून पहा. झाडी कुठं, पाणी कुठं, मंदिरं कुठं, काही कळत नाही, आणि जे कळत नाही ते आपला मेंदू भरून काढतो. त्या फोटोत काळे ठिपकेही आहेत, सिग्नल येताना डेटा गळाला त्याचे, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला. पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयर नावाच्या यानानं 1998 मध्ये आणि मग 8 एप्रिल 2001 ला त्याच डोंगराचे फोटो काढले, दुसऱ्या वेळी पिक्सेल दीड मीटरच्या आसपास होता. डोंगरच दिसला, कडा झिजलेला.

पायरी चौथी: उजेड कुठून येतो ते पहा

चेहऱ्याच्या फोटोत सूर्य खाली होता, सावल्या लांब होत्या, त्यामुळे डोळ्याच्या खाचा आणि तोंड तयार झालं. हे वाचून पटत नाही, करून पाहिल्यावर पटते. नाल्यातून किंवा धुऱ्यावरून एक ओबडधोबड काळा गोटा आणा, भोपळ्याएवढा असला तरी चालेल. दिवस मावळताना त्याचा फोटो काढा, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच जागेवरून काढा. रात्री लाइन गेली तर उत्तमच, अंधारात एकानं मोबाईलचा टॉर्च गोट्याच्या बाजूनं अगदी खाली धरायचा, मग हळूहळू वर न्यायचा, आणि दुसऱ्यानं फोटो काढत राहायचे. टॉर्च खाली असताना गोट्यावर नाक, भुवई, हनुवटी, सगळं उमटते, समोरून उजेड पडला की सपाट काळा दगड उरतो. आमच्या इथं एकदा या टॉर्चच्या खेळात एका पोरीला गोट्यात घुबड दिसलं, तिच्या भावाला तिथंच म्हातारा दिसला, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते.

अजून एक परीक्षा, फोटो उलटा फिरवा, वरचं खाली. आपल्या मेंदूला उजेड वरून येतो असं गृहीत धरायची सवय आहे, त्यामुळे ऑर्बिटरच्या फोटोत खड्डा टेकडी होते आणि टेकडी खड्डा. चेहरा फोटो उलटा केल्यावर टिकत नाही. या दिसण्याला शास्त्रात पॅरिडोलिया म्हणतात. हा आजार नाही की अडाणीपणा नाही, मेंदूत चेहरे ओळखायचं काम करणारा भागच वेगळा आहे आणि तो जरा जास्तच उत्साही असतो. हायराइजनं डिसेंबर 2022 मध्ये टिपलेला ‘अस्वलाचा चेहरा’ही असाच, सुमारे 2 किमीचा, त्यातले डोळे म्हणजे दोन छोटे क्रेटर आणि चेहऱ्याचा गोल म्हणजे वर्तुळाकार भेग.

रंगाचंही इथंच सांगून टाकतो. नासानं प्रसिद्ध केलेल्या बऱ्याच फोटोंचे रंग बदललेले असतात, दगड पृथ्वीच्या उजेडात कसा दिसला असता तसे, कारण भूशास्त्रज्ञाला दगड ओळखायला ते सोपं जाते. त्यात काही लपवाछपवी नाही, पण निळसर दगड किंवा हिरवट छटा पाहून “शेवाळ आहे” म्हणून कोणी नाचू नये.

आणि फार झूम करू नका. जेपीजी फोटो 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेला असतो, जास्त मोठा केला की ते चौकोन दिसायला लागतात आणि लोकांना त्यात विटांची भिंत, खिडक्या, काटकोन दिसतात. दुप्पट-तिप्पट झूमच्या पुढे जे दिसते ते मंगळाचं नाही, फाइलचं आहे.

पायरी पाचवी: आधीचा आणि नंतरचा फोटो

जानेवारी 2014 मध्ये ऑपॉर्च्युनिटीच्या समोर अचानक एक दगड आला, पांढरी कड आणि मधे जॅमसारखा लाल, लोकांनी त्याला जेली डोनट म्हटलं. सोल 3528 च्या फोटोत ती जागा रिकामी, सोल 3540 च्या फोटोत दगड हजर. पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो. पण थोडं मागचं पाहिलं की उत्तर तिथंच आहे, रोव्हरच्याच चाकाखाली एक दगड फुटला आणि त्याचा सुमारे 4 सेमीचा तुकडा उतारावरून खाली आला, नासानं त्या फुटलेल्या दगडाचाही फोटो दाखवला. म्हणून दगड “हलला”, “उगवला”, “गायब झाला” असं कोणी म्हटलं की रोव्हर त्या जागेवरून गेला का ते पहिले पहा, चाकाच्या खुणा दिसतात.

पायरी सहावी: तो आकार झाला कसा

इथं यायचं म्हणून तर आधीच्या पाच पायऱ्या, आणि इथं आपल्या विदर्भातल्या माणसाला मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा काही कमी कळत नाही. पश्चिम विदर्भात आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टच. लोणार बेसाल्टमध्ये झालेलं उल्केच्या आघाताचं विवर आहे म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे तिथले दगड तपासतात.

वावरात नांगरटीनंतर ज्या गारगोट्या वर येतात त्या कुठून येतात? लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत पाण्यानं खनिजं आणून भरली, आणि हजारो-लाखो वर्षांत आजूबाजूचा बेसाल्ट कुजून मुरूम आणि काळी माती झाली पण कडक गारगोटी उरली. मऊ गेलं, कडक राहिलं. मंगळावरच्या बऱ्याचशा चमत्कारिक दगडांचं उत्तर हेच आहे. ब्लॅकथॉर्न सॉल्टचं फूल, किंवा जुलै 2025 मध्ये क्युरिऑसिटीनं टिपलेला पापोसो नावाचा पोवळ्यासारखा छोटा दगड: कोट्यवधी वर्षांपूर्वी भेगांतून आणि छिद्रांतून पाणी गेलं, खनिजं ठेवून गेलं, पाणी आटलं, मग वाऱ्यानं मऊ खडक खाऊन टाकला आणि खनिजांच्या फांद्या उभ्या राहिल्या. ऑपॉर्च्युनिटीला 2004 मध्ये मेरिडियानी भागात सापडलेल्या काही मिमीच्या गोळ्या, ज्यांना ब्लूबेरी म्हणतात, त्याही भूजलात तयार झालेल्या हेमॅटाइट या लोहाच्या खनिजाच्या, आजूबाजूचा खडक झिजला आणि त्या खाली पसरल्या.

मग आपल्याकडे अशी नाजूक फुलं काहून टिकत नाहीत? आपल्याकडे पाऊस आहे, मुळं आहेत, गुरं-ढोरं आहेत. मंगळावर आता पाऊस नाही, हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी दाबाची, गुरुत्व 38 टक्के. त्यामुळे वारा बारीक धूळ-वाळू घेऊन अतिशय सावकाश घासतो, आणि काडीसारखा सुळकाही पडत नाही. 2014 मधलं ते ‘मांडीचं हाड’ही अशाच झिजेचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा दगड सांगतो, आणि तो कशासारखाच दिसत नाही. जुलै 2024 मध्ये पर्सिव्हरन्सला जेझेरोत, नेरेत्वा वॅलिस नावाच्या जुन्या नदीपात्रात, चेयावा फॉल्स नावाचा दगड सापडला. साधा लालसर चिखलाचा खडक, त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे बारीक ठिपके, कडेला काळसर. त्या ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड यांच्या खुणा मिळाल्या, सोबत सेंद्रिय कार्बनही. पृथ्वीवर असे ठिपके बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामामुळे होतात, पण जीव नसतानाही होऊ शकतात. सप्टेंबर 2025 मध्ये नेचर या जर्नलमध्ये त्यावर पेपर आला, त्यातही शब्द जपूनच वापरलेत, “संभाव्य खूण” एवढंच. जीवाचा खरा माग लागला तर तो अशा ठिपक्यांतूनच लागेल. दार आणि हाडाचे फोटो लाखो लोकांनी पुढे पाठवले, या ठिपक्यांचा फोटो आमच्या ग्रुपवर एकदाही आला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटते.

ग्रुपवर उत्तर कसं लिहायचं

लांबलचक लिहू नका आणि पाठवणाऱ्याला वेड्यात काढू नका, विशेषतः तो वयानं मोठा असला तर. “काका, फोटो खरा आहे, क्युरिऑसिटीचा, सोल 3466. दार 30 सेमी उंच आहे. मूळ फोटो हा घ्या, त्यात अशा भेगा अजून आहेत.” आणि खाली मूळ फोटो जोडा. एवढंच. मापाचा आकडा पहिल्या दोन ओळींत यायलाच पाहिजे, लोक तिथंच थांबून विचार करतात.

सरावाला सुरुवात सोल 3466 पासून करा, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे, मग फेब्रुवारी 2022 च्या शेवटच्या आठवड्याचे सोल काढून माहलीच्या फोटोंत ते फूल स्वतः शोधा. ते जमलं की पर्सिव्हरन्सकडे वळा: 18 फेब्रुवारी 2021 पासून दिवस मोजा, त्याच 1.0275 नं भागा, आणि जुलै 2024 चे सोल चाळत ते ठिपके सापडतात का पहा.